सातबारा नसलेल्यांचा दवाखाना

ग्रामीण आरोग्याचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास बोलल्या जातात. एक, खेड्यात डॉक्टर जायला तयार नाहीत. दोन, शेतकऱ्याला चांगली आरोग्यसेवा मिळाली पाहिजे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु या चर्चेत 'शेतकरी' म्हणून जो माणूस डोळ्यांसमोर ठेवला जातो तो नेमका कोण, हे कोणी विचारत नाही. ज्याच्या नावावर सातबारा आहे तो, की ज्याच्या पाठीवर फवारणीचा पंप आहे तो? आम्ही आज हा प्रश्न विचारू इच्छितो. कारण उद्याचे खेड्यातील वैद्यक कोणाच्या कामी येणार, याचे उत्तर या प्रश्नात आहे.

२०११ च्या जनगणनेने एक मोठी गोष्ट सांगितली, पण तिची म्हणावी तशी चर्चा झाली नाही. या देशात स्वतःची शेती कसणारे सुमारे ११ कोटी ८८ लाख, तर दुसऱ्याच्या शेतावर राबणारे शेतमजूर १४ कोटी ४३ लाख निघाले. आपल्या महाराष्ट्रातही शेतमजूर शेतकऱ्यांपेक्षा अधिक आहेत. म्हणजे शेती हा ज्यांचा मालकीचा धंदा आहे त्यांच्यापेक्षा शेती ही ज्यांची मजुरी आहे त्यांची संख्या मोठी आहे. हे मजूर कोण आहेत हे सांगण्यासाठी वेगळ्या संशोधनाची गरज नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे देशातील वहितीखालच्या जमिनीपैकी नऊ टक्क्यांहूनही कमी जमीन अनुसूचित जातींच्या हाती आहे. ज्याला जमीन नाकारली तो मजूर झाला. ज्याला गावकुसाबाहेर ठेवले तो गावाच्या शेतात मात्र पहाटेपासून हवा असतो. जातिव्यवस्थेने वाटलेल्या या कामाची किंमत तो आपल्या शरीराने चुकती करीत आला आहे.

मराठीत एक विलक्षण शब्दप्रयोग रूढ आहे. पिकावर मारायच्या विषाला आपण 'औषध' म्हणतो. 'औषध मारायला गेलो होतो' असे मजूर सांगतो, तेव्हा तो विष मारायला गेलेला असतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात या औषधाने वीसहून अधिक माणसे मारली आणि शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. फवारा खालच्या झाडावर नव्हे, तर समोर आणि वर मारावा लागत होता. तो वाऱ्याने परत तोंडावर, छातीवर येत होता. दोन-तीन विषे एकत्र करून मारली जात होती. मरणाऱ्यांत अल्पभूधारक होते, तसेच रोजंदारीवर फवारणी करणारे मजूरही होते. आणि व्यवस्थेने काय सांगितले? मजुरांनी हातमोजे घातले नाहीत, तोंडाला मास्क लावला नाही! भर दमट उन्हात रबरी कपडे घालून दिवसभर पंप पाठीवर वागवणे कोणाला शक्य आहे आणि ते कपडे मजुराने कोणत्या पैशाने विकत घ्यायचे, हे मात्र कोणी सांगितले नाही. मेलेल्याच्या माथी दोष मारणे ही या देशाची जुनीच रीत आहे.

येथे वैद्यकाचा प्रश्न सुरू होतो. सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके शरीरात गेली की रक्तातील कोलिनेस्टरेज या घटकाचे काम मंदावते. घाम सुटतो, तोंडाला फेस येतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास अडकतो. रक्ताच्या एका तपासणीने हे विष ओळखता येते. या तपासणीची सोय तेव्हा जिल्ह्यात नव्हती, हे पुढे समोर आले. ज्या जिल्ह्याचे अर्थकारण कपाशीवर चालते आणि कपाशी विषावर चालते, त्या जिल्ह्यात विष मोजण्याची सोय नाही! मोनोक्रोटोफॉससारख्या जहाल विषाच्या द्रावणावर बंदीचा आदेश निघायला तर २०२३ साल उजाडले.

कायदे नाहीत म्हणून असे झाले, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे. त्या कायद्याने राज्य सरकारला असा अधिकार दिला आहे की, विषबाधेची प्रत्येक घटना कळवणे बंधनकारक करावे. १९७१ चे नियम सांगतात की, फवारणीच्या कामावरील माणसाची कामाला लावण्यापूर्वी आणि त्यानंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, त्याला संरक्षक कपडे मिळाले पाहिजेत. पन्नास वर्षांहून अधिक काळ हे नियम पुस्तकात आहेत. आमचा वाचकांना सवाल आहे, आपल्या गावात फवारणीच्या हंगामाआधी एखाद्या मजुराचे रक्त तपासलेले आपण कधी पाहिले काय? कायदा कागदावर आणि पंप पाठीवर, असा हा कारभार आहे.

दुसरे उदाहरण सापाचे. साप चावणे हा दैवाचा भाग मानला जातो. पण साप कोणाला चावतो? पऱ्हाटीत निंदण करणाऱ्या बाईला, उसाच्या फडात वाकलेल्या मजुराला, रात्रीची वीज आली म्हणून अनवाणी पायाने पाणी द्यायला गेलेल्या सालगड्याला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. एवढी माणसे एखाद्या शहरी आजाराने मेली असती तर देश हादरला असता. येथे मात्र केंद्राला सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणायला २०२४ साल लागले आणि सर्पदंश हा नोंद करण्याजोगा आजार करा, असे राज्यांना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सांगावे लागले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालणारी लस देशातच तयार होते. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे ठेवले की ते गोठते की नाही यावरून विष चढले का ते कळते. यासाठी मोठे यंत्र लागत नाही. लागते ती लस, एक काचेची नळी आणि रात्री दोन वाजता दवाखान्याचे दार उघडणारा माणूस. या तीन गोष्टींपैकी एक जरी नसली तरी रुग्णाला पुढच्या गावी, तेथून तालुक्याला, तेथून जिल्ह्याला पाठवले जाते आणि तो वाटेतच दम तोडतो.

आणि मेल्यावर काय? महाराष्ट्रात शेतकऱ्यांसाठी अपघात सानुग्रह अनुदानाची योजना आहे. विषबाधा, सर्पदंश, वीज पडणे, पाण्यात बुडणे अशा कारणांनी मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. योजना चांगली आहे, आमचा तिला विरोध नाही. परंतु २०२३ च्या शासन निर्णयाप्रमाणे तिचा लाभार्थी कोण? सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य. एकाच बांधावर, एकाच सापाने मालकाला डसले तर तो शेतीचा अपघात आणि मजुराला डसले तर ते त्याचे नशीब! सापाला सातबारा वाचता येत नाही. सरकारला मात्र त्याच्याशिवाय दुसरे काही वाचता येत नाही, असे म्हणण्याची पाळी आली आहे.

तिसरे उदाहरण ऊसतोड करणाऱ्या आमच्या आयाबहिणींचे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे कारखान्यांच्या हंगामाला निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती अंगमेहनतीने फेडायची. एक दिवस खाडा पडला की दंड कापला जातो. पाळीच्या दिवसांत विसावा नाही, कोपीत संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही. पहाटे उठून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीत भरायच्या. अंगावरून जाते, ओटीपोट दुखते म्हणून डॉक्टरकडे जावे तर पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल असे सांगितले जाते. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. म्हणजे साधारण सहा बायकांमागे एक. स्वच्छ पाणी, चार दिवसांची विश्रांती आणि काही गोळ्यांनी जे बरे होऊ शकले असते त्यासाठी शरीराचा अवयव काढला गेला आणि त्या शस्त्रक्रियेसाठी घेतलेले कर्ज फेडायला ती बाई पुन्हा त्याच फडात गेली. याला आम्ही आरोग्यसेवा म्हणत नाही. मजुरीत खंड पडू नये म्हणून बाईच्या शरीराची केलेली ही डागडुजी आहे.

या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. रुग्णाला दवाखान्यात 'काय होते' हे विचारले गेले, 'काय काम करतोस' हे विचारले गेले नाही. आमच्या मते ग्रामीण वैद्यकाच्या भवितव्याचा सारा मुद्दा येथे आहे. केसपेपरवर नाव, वय, गाव लिहिले जाते. काम काय, कोणाच्या शेतावर, गेल्या आठ दिवसांत कोणते औषध मारले, किती तास उन्हात होतास, हे लिहिले जात नाही. त्यामुळे विषबाधा 'उलट्या' म्हणून नोंदवली जाते, उष्माघात 'चक्कर' म्हणून आणि कंबर मोडलेली बाई 'अशक्तपणा' म्हणून सलाईन लावून परत पाठवली जाते. आजाराची नोंद नाही, म्हणून कारणाची नोंद नाही. कारणाची नोंद नाही, म्हणून जबाबदारी कोणाचीच नाही.

कारखान्यातील कामगाराच्या बाबतीत असे होत नाही, किंवा निदान कायद्याने तसे होऊ नये अशी तरतूद आहे. ही तरतूद आपोआप झालेली नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकावर बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि कामगार स्त्रीला विश्रांती देणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी बाजू त्यांनी मांडली. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सुरू झाले आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विम्याचा कायदा आला. काम करताना आजारी पडलेल्या माणसावर उपचार होणे ही मालकाची दया नव्हे, तो कामगाराचा हक्क आहे, हा विचार त्यामागे होता. परंतु हा हक्क गिरणीच्या, कारखान्याच्या दारापर्यंत आला आणि थांबला. तो शेताच्या बांधावर कधी पोहोचलाच नाही.

बाबासाहेबांना मात्र तो तेथपर्यंत न्यायचा होता. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जातपात न पाहता कसणाऱ्या समूहांना द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत, अशी मांडणी केली. त्यातला शेती हा 'उद्योग' हा शब्द आम्ही आरोग्याच्या संदर्भात मुद्दाम अधोरेखित करतो. शेती हा उद्योग असेल तर शेतमजूर हा कामगार ठरतो. तो कामगार असेल तर त्याची विषबाधा, त्याचा सर्पदंश, त्याचा उष्माघात हे सारे कामातून आलेले आजार ठरतात. मग प्राथमिक आरोग्य केंद्र हे नुसते ताप-खोकल्याचे आणि लसीकरणाचे ठिकाण राहत नाही. ते शेतमजुराचे कामगार रुग्णालय होते.

हे अशक्य आहे काय? १९५२ पासून देशात प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. सपाट प्रदेशात ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र, ५ हजार आणि ३ हजारांमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. २००५ पासून गावोगावी आशाताई आहेत. २०१८ पासून उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. म्हणजे सांगाडा तयार आहे. प्रश्न आहे तो या सांगाड्याने कोणाकडे पाहायचे याचा.

कारण दवाखाना गावात असला म्हणजे तो सर्वांचा असतो असे नाही. ग्रामीण भारतातील अस्पृश्यतेवर २००६ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अकरा राज्यांतील ५६५ गावांची ती पाहणी होती. त्यातील तीनपैकी एका गावात सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जात नसल्याचे आढळले. जो कर्मचारी उंबरठा ओलांडत नाही तो त्या घरातील रोग कसा पाहणार? याउलट जामखेडचे उदाहरण आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे काम सुरू केले आणि गावातल्याच, बहुतेक निरक्षर, त्यातही अनेक दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते तिच्या हातून गाव औषध घेऊ लागले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूतांच्या हाती नवजात बाळांची घरच्या घरी काळजी सोपवली, तेव्हा नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. त्यांचा निष्कर्ष १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. यातून सिद्ध काय झाले? बुद्धी आणि कौशल्य कोणा एका जातीची मिरासदारी नाही. शिकवले तर शेतमजूर बाईही जीव वाचवू शकते.

आज भविष्याची भाषा वेगळी बोलली जाते. मोबाइलवर डॉक्टर भेटेल, ड्रोन फवारणी करील, पाच लाखांचे विमा कार्ड खिशात असेल असे सांगितले जाते. आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. ड्रोनमुळे माणसाच्या पाठीवरचा विषाचा पंप उतरणार असेल तर तो उतरलाच पाहिजे. पण त्या मजुराची रोजी कोणत्या कामाने भरून निघणार, हेही त्याच वेळी ठरले पाहिजे. पडद्यावरच्या डॉक्टरला सर्पदंशाची लस टोचता येत नाही. विमा कार्ड रुग्णालयातील खाटेचे बिल भरते, पण विष अंगावर येताना थांबवत नाही. खाटेवर पोहोचण्यापूर्वीच जो मरतो त्याच्या कार्डाचा उपयोग काय?

आणखी एका अन्यायाकडे आम्ही लक्ष वेधतो. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात आदिवासींबरोबरच पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आहे. कडक ऊन, अपुरे पाणी आणि अतिश्रम यांनी या रुग्णाच्या वेदना उसळतात. म्हणजे शेतमजुरी हेच त्याच्या आजाराला निमंत्रण. सांधे धरून बसलेल्या पोराला मालक कामचुकार म्हणतो. जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण त्याचा मुख्य भर आदिवासीबहुल भागांवर आहे. आदिवासी बांधवांना ते मिळालेच पाहिजे. मात्र रक्तातील दोष अनुसूची पाहून येत नाही. नागपूर, भंडारा, चंद्रपूरच्या खेड्यांतील बौद्ध वस्त्याही या तपासणीत त्याच निष्ठेने घेतल्या गेल्या पाहिजेत.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर रुग्णाचे काम नोंदवा. कीटकनाशकाच्या विषबाधेची प्रत्येक घटना कळवणे बंधनकारक करा. फवारणीच्या हंगामापूर्वी आणि हंगामात मजुरांचे रक्त तपासा, तो खर्च विष विकणाऱ्यांकडून वसूल करा. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आणि ती देऊ शकणारा माणूस चोवीस तास ठेवा. ऊसतोडीच्या तळावर फिरता दवाखाना, पाणी आणि संडास ही कारखान्याची जबाबदारी ठरवा. अपघात अनुदानाला सातबाऱ्याची अट नको, शेतात काम करीत होता एवढा पुरावा पुरे. आणि ज्या आशाताईंचा जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये गौरव केला त्यांना मानधनाच्या तुकड्यांवर नव्हे, पगारावर ठेवा.

सरकारला चार शब्द सुनावून आमचे काम संपत नाही. १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी आपली खंत बोलून दाखवली होती. आज आमच्या समाजातून शेकडो डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते तयार झाले आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांचे आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबले, तेव्हा त्यांच्या हातात पदवी आली. महिन्यातला एक रविवार त्यांनी आपल्या गावच्या विहाराला दिला, तेथे मजुरांचा रक्तदाब, हिमोग्लोबिन, सिकलसेल तपासले, केसपेपरवर काम लिहून घेतले आणि नोंदवही ठेवली, तर पाच वर्षांत सरकारजवळ नसलेला पुरावा समाजाजवळ असेल. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर होणाऱ्या खर्चाच्या एका हिश्श्यात गावाच्या फवारणी करणाऱ्यांना चष्मे, हातमोजे आणि गमबूट येतात. बाबासाहेबांना अभिवादन करण्याचा हाही एक मार्ग आहे.

ज्यांच्या घामावर देश जेवतो त्यांच्या शरीराचा हिशेब कोणत्याच वहीत नाही. ती वही आता उघडली पाहिजे. सरकार उघडणार नसेल तर तिचे पहिले पान आपण लिहू आणि ते घेऊन दवाखान्याच्या, तहसीलच्या, विधानसभेच्या दारात उभे राहू. दवाखाना कोणाचा, हे सातबारा ठरवणार नाही. ते राबणाऱ्या माणसाच्या हक्काने ठरले पाहिजे.